मनगटाचे आणि कोपराचे पट्टे: सोलापुरात घेतलेल्या चार आधारांचे परीक्षण

सोलापुरात सर्जिकलच्या कोणत्याही दुकानात जाऊन ‘हात दुखतो’ एवढेच सांगितले, तर काउंटरवर बहुधा एकच वस्तू येते: अंगठ्यात अडकवून मनगटाभोवती गुंडाळायचा काळा लवचीक पट्टा, किंमत शंभर-दीडशे रुपये. त्याबद्दलचे मत आधीच नोंदवून ठेवते. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा कोपरातून कळ येत असेल, तर या पट्ट्यावर पैसे घालवू नयेत. मनगटाला ऊब मिळते आणि आपण काहीतरी बांधले आहे एवढे समाधान मिळते, त्यापलीकडे फारसे काही होत नाही.

आमचा कडक भाकरीचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. घरातली माणसे, भाकरी थापायला येणाऱ्या मावशी आणि शेजारपाजार अशा सगळ्यांच्या हातांच्या तक्रारी धरून आमच्याकडे चार प्रकारचे आधार वापरून झाले: रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, कोपराखाली बांधायचा अरुंद पट्टा, अंगठ्यासकट मनगट धरणारा आधार आणि बोटांची टोके उघडी ठेवणारा दाबाचा हातमोजा. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच प्रकारच्या वस्तूंमध्ये कंपनीगणिक फरक थोडा आहे. खरा फरक पडतो तो आपले दुखणे कोणत्या नसेचे किंवा कोणत्या कंडरेचे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचे, आहे आणि आधार तिच्यासाठी आहे की नाही, यामुळे. दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे.

या शहरात असे हात घरोघरी सापडतील. पूर्व भागात पानाला कात्री लावून विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर तुटलेले धागे जोडणारे कामगार, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतले कारागीर आणि आमच्यासारख्या भाकरी थापणाऱ्या, या सगळ्यांच्या कामात एकच हालचाल दिवसभर होते आणि तीही मनगट वाकवून किंवा कोपर दुमडून. ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळताना तळहाताच्या मुळावर अंगाचा भार येतो. भाकरी थापताना मनगट मागे वाकलेले राहते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मागणी वाढली की हे काम पहाटेपासून चालते आणि तक्रारीही त्याच महिन्यात वाढतात.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो रात्रीच्या स्प्लिंटचा, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला लहान हाडांची कमान असते आणि तिच्यावर एक जाड, आडवा अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, ताणलेला असतो. या दोहोंमधल्या अरुंद वाटेने बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्या सोबतीने मीडियन नर्व्ह ही नस जाते. वाट हाडांनी आणि अस्थिबंधाने बांधलेली असल्यामुळे ती रुंदावत नाही. कंडरांवरचे आवरण जाड झाले की दाब नसेवर येतो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, करंगळी मात्र सुटते. मनगट पुढे वाकले तरी आणि मागे वाकले तरी या वाटेतला दाब वाढतो. सरळ असताना तो सर्वांत कमी असतो. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली किंवा गालाखाली घेतो, म्हणूनच ही तक्रार रात्री उसळते आणि माणूस उठून हात झटकत बसतो. हात झटकल्यावर बरे वाटणे ही या दुखण्याची इतकी नेमकी खूण आहे की फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला पहिला प्रश्न तोच विचारला.

मी घेतलेला स्प्लिंट पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळाला. पाठीमागे कापड, आत फोम, तीन वेल्क्रोचे पट्टे आणि तळहाताच्या बाजूला खिशात सरकवलेली ऍल्युमिनियमची पट्टी, अशी त्याची रचना आहे. डब्यावर मनगट सरळ ठेवलेल्या हाताचे चित्र आहे. प्रत्यक्षात आतली पट्टी बाकदार येते आणि ती आहे तशी बांधली तर मनगट वीस-तीस अंश मागे वाकलेलेच राहते. हाड मोडल्यानंतरच्या किंवा मुरगळल्यानंतरच्या आधारासाठी तो बाक चालतो, नसेवरचा दाब कमी करण्यासाठी चालत नाही. मॅडमनी पट्टी खिशातून बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर ठेवून अंगठ्यांनी दाबत दाबत सरळ केली, मग शेजारी फूटपट्टी धरून पाहिली आणि पुन्हा खिशात सरकवली. एवढ्याने स्प्लिंटची किंमत वसूल झाली. दुकानदार ही पट्टी निघते हेसुद्धा सांगत नाही. घेणाऱ्याने ती पट्टी निघते ना आणि हाताने वाकते ना, एवढे दुकानातच पाहावे. प्लास्टिकची शिवून टाकलेली पट्टी असलेला स्प्लिंट स्वस्त असला तरी या कामासाठी घेऊ नये.

आता दोष. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि त्या रात्री फोमखाली हात उकडून निघतो. आत सुती कापडाची मऊ पट्टी गुंडाळल्याशिवाय मला तो घालवला नाही, आणि घामोळे आले की दोन दिवस सोडावाच लागला. वेल्क्रोची टोके टोकदार आहेत. ती चादरीच्या विणीत अडकतात, आणि झोपेत कूस बदलली की चादर हातासोबत येते. आमच्या गावच्या चादरीला तर अडकायला भरपूर जागा असते. वेल्क्रोत सुताचे तंतू भरून ते महिन्याभरात सैल झाले, तेव्हा जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावे लागले. डावा आणि उजवा स्प्लिंट वेगळा येतो. माप शर्टाच्या मापावरून नसते, मनगटाच्या घेरावरून असते. पट्टे आवळून बांधू नयेत. आवळले तर ज्या दाबापासून सुटका हवी तोच दाब बाहेरून येतो.

हा स्प्लिंट दिवसा कामात घालण्याची वस्तू नव्हे. एका मावशींनी तो घालूनच पीठ मळण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पीठ वेल्क्रोत गेले आणि मनगट हलत नसल्याने सगळा जोर कोपरावर आणि खांद्यावर आला. रात्री नियमाने, साधारण सहा आठवडे घालायचा आणि मग फरक पाहायचा, असे मला सांगितले होते. माझी रात्रीची जाग त्या मुदतीत थांबली. दिवसा थापताना येणाऱ्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. त्यासाठी परात उंचीवर घेणे, पीठ मळताना तळहाताच्या मुळाऐवजी मुठीचा वापर करणे आणि घाण्यामागून घाणा न काढता मध्ये भाजणाऱ्या बाईशी काम बदलणे, हे करावे लागले.

आमच्याकडच्या ज्येष्ठ मावशींना मात्र या स्प्लिंटचा काही उपयोग झाला नाही. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट झाला होता, हातातून तांब्या निसटत होता आणि बोटांचा बधिरपणा दिवसरात्र तसाच राहत होता. नस दीर्घकाळ दबून तिच्यावर चालणारा स्नायू झिजू लागल्याची ही लक्षणे आहेत आणि या अवस्थेत पट्टे बांधत बसणे म्हणजे वेळ घालवणे. त्यांची नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नसेतून संदेश कसा जातो ते पाहणारी, तपासणी झाली, मग तो आडवा अस्थिबंध कापून नसेला जागा करून देणारी छोटी शस्त्रक्रिया झाली. या तपासणीच्या निमित्ताने साखर आणि थायरॉइडही पाहिले गेले, कारण मधुमेहात आणि थायरॉइड मंदावल्यावर हा त्रास अधिक आढळतो. गरोदरपणातही तो होतो, पण बहुतेकींचा बाळंतपणानंतर ओसरतो.

दुसरी वस्तू कोपराखालचा अरुंद पट्टा. माझे दीर गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेत. कापडाच्या जाड थरांवर दिवसभर कात्री आणि कटिंगचे मशीन चालवून त्यांना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखू लागले. पालथ्या हाताने पाण्याची बादली उचलली की कळ थेट मनगटाकडे जायची. याला टेनिस एल्बो म्हणतात. मनगट मागे खेचणाऱ्या स्नायूंची कंडरा त्या हाडाला जिथे चिकटते, तिथे ती वारंवार ताण येऊन झिजते. साधारण पस्तीस ते पंचावन्न या वयात हे दुखणे जास्त दिसते.

पट्टा तीनशेच्या आसपास मिळाला आणि वस्तू म्हणून तो ठीक आहे. पण दुकानदाराने तो बांधून दाखवला तो थेट दुखऱ्या हाडावर, आणि ती जागा चुकीची आहे. पट्ट्याची गादी हाडाच्या दोन बोटे खाली, मूठ वळल्यावर जो स्नायू फुगतो त्याच्यावर यायला हवी, म्हणजे स्नायूचा ताण हाडाशी पोहोचण्याआधी थोडा अडतो. बांधल्यावर मूठ आवळून पाहावी. दुखणे कमी वाटले तर जागा बरोबर. बोटे थंड पडली किंवा मुंग्या आल्या तर पट्टा जास्त आवळला गेला आहे. काम संपले की काढायचा, रात्री घालायचा नाही. दीरांना त्याने कामाचे तास निभावून नेता आले, एवढेच श्रेय मी त्याला देईन. दुखणे खरे कमी झाले ते व्यायामाने: हात टेबलावर पालथा ठेवून मनगट कडेबाहेर सोडायचे, हातात अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली धरायची, दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचे आणि मग बाटली अगदी सावकाश खाली न्यायची. त्याला काही महिने लागले. एका परिचिताने इंजेक्शन घ्या म्हणून सांगितले होते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे चांगला आराम पडतो, पण वर्षाच्या शेवटी पाहिले तर इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये दुखणे उलटण्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळले आहे. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितल्यावर दीरांनी ते घेतले नाही.

या पट्ट्याबाबत एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. दुखरी जागा हाडावर नसून तीन-चार बोटे खाली, स्नायूंच्या आत असेल आणि तिथे रात्री ठसठसत असेल, तर ते दुखणे कंडरेचे नसून तिथून जाणारी रेडियल नर्व्हची शाखा दाबली गेल्याचे असू शकते. कोपराखालचा पट्टा नेमका त्याच जागेवर दाब देतो आणि त्रास वाढवतो. पट्टा बांधल्यावर दुखणे वाढत असेल तर ‘सवय होईल’ असे म्हणत तो ओढू नये. आम्हाला दुकानात हेच शब्द ऐकायला मिळाले होते.

तिसरी वस्तू अंगठ्याचा आधार, आणि तिच्याबद्दल लिहिताना मन थोडे अडखळते. शेजारच्या अक्का विड्या वळतात. तेंदूचे पान मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. या सगळ्यात अंगठा एक क्षणही मोकळा नसतो. त्यांना अंगठ्याच्या बाजूने मनगटावर सूज आली होती. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले की त्या ओरडत. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये वर्णन केलेले हे दुखणे आहे. अंगठा बाहेर आणि वर नेणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात आणि ते आवरण जाड होते. तान्ह्या बाळाला सारखे काखेत धरून उचलणाऱ्या आयांनाही ते होते, आमच्या भाचीला झाले होते. अक्कांना दुकानातून आधी साधा मनगटाचा स्प्लिंट दिला गेला. त्यात अंगठा मोकळा राहतो, म्हणजे ज्या कंडरांना विश्रांती हवी त्याच चालू राहतात. ‘ताई, सगळ्यांना हाच चालतो’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दुकानातून अंगठ्याची पहिली दोन पेरी धरून ठेवणारा आधार आणला, त्याने सूज खरोखर उतरू लागली.

पण तो आधार घालून विडी वळता येत नाही. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. आधार घातला की त्या दिवसाचा आकडा घसरतो. म्हणून अक्का तो फक्त संध्याकाळनंतर घालतात आणि दुखणे अर्धे बरे, अर्धे तसेच राहते. वस्तू म्हणून मी तिला चार आधारांमध्ये दुसरा क्रमांक देते, तरीही हाताच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला ती घ्या म्हणताना हे आधी सांगायला हवे.

कोपरालाच होणाऱ्या आणखी एका तक्रारीसाठी आम्ही काहीच विकत घेतले नाही. यजमान दुकानात काउंटरच्या काचेवर कोपर टेकवून तासन्‌तास फोनवर बोलतात. त्यांची करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर होऊ लागली. कोपराच्या आतल्या हाडामागून अल्नर नर्व्ह जाते, धक्का लागला की झिणझिण्या येतात ती हीच जागा. कोपर दुमडले की ही नस ताणली जाते आणि तिची वाटही अरुंद होते. दुकानात यासाठी जेल भरलेला महाग कोपरमोजा दाखवला गेला. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्याऐवजी रात्री कोपराभोवती जाडसर टॉवेल सैल गुंडाळून वर पट्टी बांधायला सांगितली, म्हणजे झोपेत कोपर पूर्ण दुमडत नाही. सोलापुरात टॉवेलची वानवा नाही. दिवसा काउंटरवर कोपर टेकवणे बंद झाले, फोनला इअरफोन आला, आणि करंगळी हळूहळू ताळ्यावर आली. बोटे एकमेकांपासून फाकवता येत नसतील किंवा किल्ली फिरवताना चिमटीत जोर राहत नसेल, तर मात्र टॉवेलवर विसंबून राहू नये.

चौथा हातमोजा. बोटांची टोके उघडी, बाकी हात घट्ट आवळणारा, ऑनलाइन जाहिरातीत ‘नसांसाठी रामबाण’. नसेच्या दुखण्यात त्याचा काही उपयोग दिसला नाही, उलट मनगटापाशी त्याची किनार रुतते आणि तिथे वळ उठतो. थंडीत सांधे आखडणाऱ्या सासूबाईंना त्याची ऊब आवडली, म्हणून तो फेकला गेला नाही. पाचांपैकी एक गुण.

दुकानांबद्दल थोडे. सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास आणि शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर सर्जिकलची दुकाने पुष्कळ आहेत आणि किमतीत भाव केल्यास दहा-पंधरा टक्के सहज कमी होतात. एका दुकानात आम्हाला उजव्याच्या जागी डाव्या हाताचा स्प्लिंट बांधून दिला आणि डबा उघडला म्हणून परत घ्यायला नकार दिला. दुसऱ्या दुकानात काउंटरवरच्या बाईंनी टेपने मनगटाचा घेर घेतला, कोणती बोटे बधिर होतात ते विचारले आणि ‘चिठ्ठी असेल तर दाखवा’ असे म्हणाल्या. अंगठ्याचा आधार तिथूनच आणला. घालून पाहू देत नसतील तिथून घेऊ नये आणि बिल मागून घ्यावे, त्यावर ‘डावा’ की ‘उजवा’ हे लिहून घ्यावे.

बायकांच्या बारीक मनगटाला बसेल असा लहान मापाचा डावा स्प्लिंट मात्र इथे तयार मिळत नाही, असा आमचा अनुभव आहे. दुकानदार पुण्याहून मागवून देतात, त्यासाठी पैसे आगाऊ घेतात आणि वस्तू यायला आठवडाभर लागतो. मधल्या मापावर भागवून घ्या असा आग्रह होतो, पण मधला स्प्लिंट बारीक हातावर रात्री फिरतो आणि आतली पट्टी तळहातावरून सरकून बाजूला जाते, तेव्हा आठवडाभर थांबलेले बरे.